वाचकांचे प्रश्न : बोलायला आडोसा आणि पाठीशी गाव

लैंगिक आरोग्यासंबंधी गावपातळीवर काम करणाऱ्या आशा, आरोग्यसेविका, आरोग्यसेवक आणि समुपदेशक यांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेली पत्रे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. बहुतेकांना माहिती हवी आहेच; परंतु ती माहिती कोणाच्या समोर, कोणत्या शब्दांत आणि कोणाच्या पाठिंब्याने सांगायची, हा प्रश्न त्यांना अधिक छळतो आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत आणि प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

प्रश्न : ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या गावात मी आशा म्हणून काम करते. धुपणीची, म्हणजे अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार बऱ्याच बायका करतात. पण बोलताना सासू किंवा जाऊ शेजारी बसलेली असते. काही जणी परस्पर खासगी दवाखान्यात जाऊन पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढून येतात. मी त्यांना काय सांगावे आणि कसे सांगावे? (आशा स्वयंसेविका, बीड जिल्हा)

ताई, आपण विचारलेला प्रश्न आपल्या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन शिकलेला आहे. २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांतल्या अनेक जणींची मूळ तक्रार पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे किंवा पाळीचा त्रास एवढीच होती. फडावर न्हाणीघर नाही, शौचालय नाही, पाळीतही मोळ्या उचलाव्या लागतात आणि एका दिवसाचा खाडा पडला तरी मुकादम पैसे कापतो. अशा वेळी 'पिशवी काढली की कटकट मिटली' हे वाक्य बाईला पटते, कारण तिच्या दृष्टीने दुसरा मार्ग कोणी दाखवलेलाच नसतो. तो मार्ग दाखवणे हे आपले काम आहे आणि ते उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन टोळी निघण्यापूर्वी, म्हणजे दसरा-दिवाळीच्या आधीच, झालेले असावे.

प्रथम हे सांगावे की थोडा पांढरा किंवा पारदर्शक स्राव प्रत्येक स्त्रीला असतो, पाळीच्या चक्रानुसार तो कमीजास्त होतो आणि त्याने 'हाडे झिजत' नाहीत. स्राव दह्यासारखा घट्ट असून खाज सुटत असेल, त्याला मासळीसारखा वास येत असेल, तो पिवळा-हिरवा किंवा फेसाळ असेल, तर तो जंतुसंसर्ग असण्याची शक्यता मोठी आहे आणि बहुतेक संसर्ग काही दिवसांच्या औषधांनी पूर्ण बरे होतात. शासकीय रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये यासाठी रंगांनी ओळखता येतील अशी मोफत औषधांची पाकिटे असतात. योनिस्रावासाठी हिरवे आणि ओटीपोटातील दुखण्यासाठी पिवळे. ती डॉक्टरांनी तपासूनच द्यायची आहेत, आपण परस्पर द्यायची नाहीत. बाई गरोदर असेल तर ते आधी सांगितलेच पाहिजे. त्रास वारंवार होत असेल तर नवऱ्यालाही उपचार लागू शकतात, हे वाक्य टाळू नका. एकट्या बाईने गोळ्या घेतल्या आणि नवरा तसाच राहिला, तर महिन्याभरात ती पुन्हा आपल्याच दारात उभी राहते.

काही लक्षणे मात्र थांबण्याजोगी नसतात. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होणे, तापासह ओटीपोटात असह्य दुखणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालय गाठावे. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची साधी तपासणी शासकीय केंद्रांत होते, तीही करून घ्यावी. शस्त्रक्रियेचा सल्ला कोणी दिलाच, तर दुसऱ्या डॉक्टरांचे, शक्यतो जिल्हा रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली गेली तर तिशीतल्या बाईची पाळी एकाएकी बंद होते, अंगातून वाफा निघतात, हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि ज्या ताकदीवर तिने मोळी उचलायची ती ताकदच जाते. हे कारण बायकांना लगेच उमगते.

आता 'कसे' याविषयी. सासूला उठून जा असे सांगता येत नाही आणि सांगूही नये. त्याऐवजी गावातील प्रत्येक घरी, प्रत्येक बाईला, तेच चार प्रश्न विचारण्याची पद्धत पाडावी : पाळी वेळेवर येते का, स्रावाचा त्रास आहे का, लघवीला जळजळ होते का, ओटीपोटात दुखते का. सगळ्यांनाच विचारले जाते असे दिसले की कोणा एकीकडे बोट दाखवले जात नाही. सासूलाही विचारले की तीच कधी कधी 'माझंही अंग बाहेर येतं', म्हणजे गर्भाशय खाली सरकतं, असे सांगून बसते. पुढचे बोलणे उपकेंद्रात, रक्तदाब मोजण्याच्या निमित्ताने, दार लोटून करावे. उपकेंद्राच्या तपासणीच्या खाटेभोवती पडदा नसेल तर तो आधी मागा. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चता येणारा, निधी असतो, त्यातून दोन पडदे आणि एक दांडी सहज बसते. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या पडद्याअभावी न सांगितलेली दुखणी मी पाहिलेली आहेत.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला होता, आणि त्यापूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. दुखणे नव्हते म्हणून बायका गप्प होत्या असे नव्हे. विचारणारे कोणी नव्हते. आपण विचारता, ताई, हेच पहिले औषध आहे.

प्रश्न : शाळेत किशोरवयीन मुलामुलींसाठी लैंगिक शिक्षणाचे सत्र ठरवले होते. आदल्या दिवशी काही पालक व पदाधिकारी आले, 'असले शिकवून मुली बिघडतील' म्हणाले आणि मुख्याध्यापकांनी सत्र रद्द केले. पुढे काय करावे? (आरोग्यसेविका, नाशिक जिल्हा)

आपल्याला विरोध करणारे पालक वाईट नाहीत, ते घाबरलेले आहेत, हे धरून चालावे. या भीतीला महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत आपले मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्या मासिकात सरळ उत्तरे दिल्याबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. तरीही त्यांना २०० रुपये दंड झाला. आपण आज हे प्रश्नोत्तरांचे सदर निर्धास्तपणे छापू शकतो, त्यामागे ती दंडाची पावती आहे. पुढे २००७ मध्ये शाळांतील किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम ज्या राज्यांनी रोखला, त्यांत महाराष्ट्रही होता.

'शिकवल्याने मुले बिघडतात' या समजाला अभ्यासाचा आधार नाही. युनेस्कोने २०१८ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत जगभरातील अभ्यासांचा आढावा आहे. अशा शिक्षणामुळे मुले लवकर संबंध ठेवू लागतात असे त्यात आढळलेले नाही. उलट जोखमीचे वागणे कमी होते असेच दिसते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात सर्वांगीण लैंगिक शिक्षणाची गरज स्पष्ट शब्दांत मांडली. शिवाय आपण करीत आहात ते काम २०१४ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाचा भाग आहे. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचे तसे पत्र हाती असू द्यावे; मुख्याध्यापकांना त्या कागदाचा मोठा आधार वाटतो.

परंतु पत्र दाखवून सत्र घेतले आणि गाव तुटले, तर पुढच्या वर्षी दार बंदच राहील. म्हणून आधी आयांची बैठक घ्या, आणि जे मुलांना दाखवणार तेच पुस्तक, तीच चित्रे त्यांच्या हाती द्या. काहीही झाकून ठेवू नका. एका गावात मी वर्गात चिठ्ठ्यांची पेटी ठेवली होती. मुलींनी नाव न घालता लिहिलेल्या चिठ्ठ्यांत 'पाळीत विहिरीवर पोहता येते का', 'सणासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या तर पुढे मूल होत नाही का', असे प्रश्न होते. ते मी आयांच्या बैठकीत वाचून दाखवले. कोणाची मुलगी हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ज्या बायका हात बांधून बसल्या होत्या त्याच उत्तरे विचारू लागल्या. एक चिठ्ठी मात्र मी वाचली नाही. त्यात लिहिले होते, 'घरात येणारे एक जण अंगाला हात लावतात, कोणाला सांगू?' त्या चिठ्ठीसाठी आम्ही समुपदेशक ताईंना बोलावून वर्गातील प्रत्येक मुलीशी एकेकटीने बोलण्याची सोय केली, म्हणजे एकीलाच बाहेर बोलावल्याचा बोभाटा होणार नाही. जी मुलगी होती ती तिसऱ्या दिवशी बोलली. सत्र रद्द झाले असते तर ती चिठ्ठी लिहिलीच गेली नसती. आपल्या गावातील विरोधकांना ही गोष्ट जरूर सांगा, आणि मुलग्यांचे सत्र विसरू नका. त्यांना वगळले तर सगळा भार पुन्हा मुलींवरच पडतो.

प्रश्न : माझ्याकडे सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी आली. पाळी चुकली आहे, मुलगा तिच्या ओळखीचा आहे, आणि 'कोणाला सांगणार नाही असे वचन द्या' म्हणते. मी काय करावे? (समुपदेशक, किशोरवयीनांसाठीचे मैत्री क्लिनिक, विदर्भ)

असे वचन देऊ नये. ती बोलू लागण्यापूर्वीच तिला प्रेमाने सांगावे की तिचे बोलणे गावात जाणार नाही, परंतु तिच्या सुरक्षिततेसाठी काही गोष्टी कायद्याने पुढे कळवाव्या लागतात. १८ वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध हा बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, मग तिची संमती असो वा नसो, लग्न झालेले असो वा नसो. ज्याला अशा गुन्ह्याची माहिती आहे त्याने ती पोलिसांना कळवणे कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास शिक्षा होऊ शकते.

मात्र या भीतीने तिला परत पाठवणे हा सर्वांत मोठा अपराध ठरेल. ती इथून निघेल ती थेट औषधाच्या दुकानात जाऊन गर्भपाताच्या गोळ्या घेईल, किती आठवडे झाले याचा हिशोब नसेल, आणि रक्तस्राव सुरू झाला की सांगायलाही कोणी नसेल. गर्भपाताचा कायदा तिच्या बाजूचा आहे. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलींच्या बाबतीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. १८ वर्षांखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात असेही म्हटले आहे की मुलीने व पालकाने विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांनी पोलिसांना माहिती देताना तिचे नाव व ओळख उघड करण्याची आवश्यकता नाही. ही सवलत त्या डॉक्टरांपुरती आहे, ती आपल्याला आपोआप लागू होते असे समजू नये. म्हणून मुलीला वेळ न दवडता शासकीय रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांपर्यंत पोचवणे आणि आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी लेखी कळवणे, हेच दोघींच्या हिताचे आहे.

घरातला कोणता मोठा माणूस तिला विश्वासाचा वाटतो, हे तिलाच विचारा. पुष्कळदा ती आईऐवजी मावशीचे किंवा आत्याचे नाव घेते. त्या माणसाला आधी आपण भेटा, मग त्या माणसामार्फत आईवडिलांना. घरचे घाईघाईने तिचे लग्न लावून देण्याच्या गोष्टी बोलू लागले, तर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी या नात्याने ग्रामसेवकांना आणि १०९८ या बाल मदतवाहिनीला कळवावे.

प्रश्न : तरुण मुले माझ्याकडे 'धातू जाते', 'स्वप्नदोष झालाय' म्हणून येतात. भिंतींवरच्या जाहिराती पाहून हजारो रुपये घालवतात. मला सविस्तर बोलायला संकोच वाटतो. (आरोग्यसेवक, सोलापूर जिल्हा)

संकोच वाटणे स्वाभाविक आहे, पण आपण गप्प राहिलात तर भिंतीवरची जाहिरातच बोलेल. झोपेत वीर्य जाणे हा दोष नाही, शरीराचा नेहमीचा व्यवहार आहे. वीर्य सतत तयार होत असते, त्याचा साठा संपत नाही, रक्ताच्या थेंबांशी त्याचा काही हिशोब नाही, आणि हस्तमैथुनाने अशक्तपणा, नपुंसकता किंवा वेड लागणे यांतले काहीही होत नाही. ही वाक्ये आरशासमोर मोठ्याने दहादा म्हणा. संकोच तोंडातूनच जातो.

त्याच वेळी खरी लक्षणे निसटू देऊ नका : लिंगावर व्रण, लघवीच्या जागेतून पू येणे, जांघेत गाठ. अशा तरुणाला सुरक्षा क्लिनिकमध्ये पाठवावे आणि एचआयव्ही व सिफिलिसची चाचणी करून घ्यावी. चाचणी मोफत असते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे त्याच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निष्कर्ष कोणाला सांगताही येत नाही. असुरक्षित संबंधांसारखी मोठी जोखीम नुकतीच झाली असेल तर संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितके उत्तम. 'सोमवारी या' असे सांगू नये. समोर बसून बोलणे ज्याला जमत नाही, त्याला १०९७ हा मोफत क्रमांक द्यावा.

प्रश्न : मराठीतून चांगले साहित्य कोठे मिळेल? (गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारी कार्यकर्ती, रायगड जिल्हा)

किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाच्या 'साथिया' समवयस्क मित्रांसाठीच्या पुस्तिका तालुका कार्यालयाकडे मागाव्यात. पुण्यातील तथापि ट्रस्टने लैंगिकतेवर सोप्या मराठीत पुष्कळ साहित्य केले आहे. समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींविषयी समपथिक ट्रस्टने काम केले आहे. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेची 'तारुण्यभान' शिबिरे तरुणांसाठी आहेत. सांगलीत संग्राम संस्थेच्या साहाय्याने वेश्या व्यवसायातील स्त्रियांनी आपली परिषद उभारून एकमेकींना निरोध वापरायला शिकवले. शिकवणारी व्यक्ती शिकणाऱ्यांतलीच असली की काय घडते, हे पाहायचे तर ते काम समजून घ्यावे.

साहित्य कोणतेही घ्या, एकदा आपल्या भागाच्या बोलीतून ते वाचून पाहा. एका प्रशिक्षणात मी तीस जणींना शरीराच्या चित्रावरील अवयवांची नावे सांगायला सांगितली. पहिल्या फेरीत 'तिथं', 'खालची जागा', 'ते' एवढेच आले. दुसऱ्या फेरीत एक वयस्क दाई म्हणाली, 'मायांग म्हणा की, त्यात काय लाजायचं?' पुस्तिकेत 'योनिमार्ग' असे छापलेले होते आणि तो शब्द बऱ्याच जणींनी कधी उच्चारलेला नव्हता. लघवीची जागा, मायांग आणि शौचाची जागा अशी तीन वेगवेगळी द्वारे आहेत, हेही त्या दिवशी अनेक जणींना प्रथमच कळले. आपल्या गावचे शब्द पुस्तिकेच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवा.

प्रश्न : निरोधची पाकिटे, 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन आणि 'छाया' ही गर्भनिरोधक गोळी यांविषयी मी घरोघर सांगते म्हणून काही पुरुष वाटेत घाणेरडे बोलतात. घरी नवराही म्हणतो, हे काम सोड. मी कोणाकडे जाऊ? (आशा स्वयंसेविका, मराठवाडा)

ताई, यात आपला काडीचाही दोष नाही. आशा मानधनावर काम करणारी 'स्वयंसेविका' आहे म्हणून तिला संरक्षण नाही, हा समज चुकीचा आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात स्वेच्छेने काम करणाऱ्या स्त्रीचाही समावेश आहे, आणि कामानिमित्त जिथे जावे लागते ती जागाही कामाचे ठिकाण धरली जाते. छळ करणारा आरोग्य यंत्रणेतलाच असेल तर घटनेपासून तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करावी. तिथे समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. तो बाहेरचा माणूस असेल आणि आपल्याला पोलिसांत तक्रार द्यायची असेल, तर त्यात साहाय्य करणे हे यंत्रणेचे कायदेशीर कर्तव्य आहे. प्रत्येक वेळची तारीख, जागा आणि शब्द वहीत लिहून ठेवा, आणि त्या वस्तीत पुढची भेट गटप्रवर्तक ताईंना बरोबर घेऊन करा.

गावाकडून मिळणारी साथ याहून मोलाची असते. पुढच्या ग्रामसभेत आरोग्य समितीने आपले काम स्वतःच्या तोंडाने सांगावे, अशी मागणी करा : ही गोळी-निरोध वाटणारी बाई शासनाने नेमलेली आहे, ती जे सांगते ते आम्ही सांगायला लावले आहे. हे वाक्य सरपंचांनी किंवा समितीच्या अध्यक्षांनी माईकवर म्हणायला हवे. आणि आपल्या यजमानांना एकदा उपकेंद्रात घेऊन या, आरोग्यसेवकांशी त्यांची गाठ घालून द्या. बायको रस्त्यात काय ऐकून घरी येते, हे त्यांना बहुधा ठाऊकच नसते.